प्रवाळावरच्या गोगलगायीचे डोळे

आमच्या चिंचवडच्या कारखान्यातून डोळे नसलेली वस्तू बाहेर पडत नसे. गणपती, गौरींचे मुखवटे, नागपंचमीचे नाग, बेंदराचे मातीचे बैल यांना डोळे हवेतच. पण शाळेत शिकवायला म्हणून माणसाचं काळीज करून दिलं, तरी त्याच्या बैठकीखाली माझे सासरे काजळाचे दोन बारीक ठिपके देत. आंधळी वस्तू कुणाच्या घरी धाडू नये, असं त्यांचं म्हणणं. काळीज नेणाऱ्या मास्तरांना त्या ठिपक्यांचा पत्ताही नसे.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला मंडळी आली तेव्हा त्यांना गणपतींच्या गोष्टी हव्या होत्या. गणपतींविषयी सगळेच लिहितात. मी एका गोगलगायीविषयी लिहिणार आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही लिहिताना मान खाली जाते, हे आधीच सांगून टाकते.

कारखाना म्हटलं म्हणून धुराडं डोळ्यांपुढे आणू नका. पवनेच्या बाजूला पत्र्याची एक लांबट पडवी, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात भिजत घातलेला शाडू, झाला कारखाना. मी पुनावळ्याच्या शेतकऱ्याची लेक. स्वातंत्र्यानंतर चारदोन वर्षांनी त्या घरात सून म्हणून आले आणि हात थकेपर्यंत कारागीर म्हणून राहिले. काम सांगायला सोपं आहे. शाडू भिजवायचा, तुडवायचा, साच्यात दाबायचा, बाहेर काढून सांधे बुजवायचे. वाळल्यावर घासायचं, पांढऱ्याचा हात द्यायचा, मग रंग. हे सगळं आम्ही बायका करत होतो. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढणं. ती फक्त घरातल्या कर्त्याची.

कर्ते म्हणजे मामंजी. बाहेरचे लोक त्यांना तात्या म्हणत. स्वभावाने तापट, जेवताना भाकरी करपली तर ताटाकडे नुसतं बघत, आणि ते बघणं पुरे होई. आखणीच्या दिवशी मात्र पहाटे आंघोळ करून धूतवस्त्र नेसून बसत आणि कुणाशी बोलत नसत. कुंचला असा फिरे की मातीला जाग यावी. रहाटणीचा एक शेतकरी आपल्या मेलेल्या बैलाची मूर्ती करून घ्यायला आला होता. रोज येऊन खोड काढायचा, शिंग असं नव्हतं, वशिंड तसं नव्हतं. मामंजींनी डोळे आखले आणि मूर्ती त्याच्याकडे वळवली. गड्याने बैलाला नावाने हाक मारली आणि तिथेच रडत बसला.

गणपती वर्षातून एकदा येतात, पोट मात्र रोज येतं. म्हणून बाकीचे महिने आम्ही शाळा-कॉलेजांसाठी नमुने करायचो. कान, डोळा, जास्वंदीचं उभं कापलेलं फूल. पिंपरीला तेव्हा नवी औषधांची कंपनी उभी राहत होती. तिथल्या एका साहेबांनी ज्या बुरशीपासून औषध निघतं तिचा मोठा नमुना करून मागितला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "आपन लोनच्यावरची बुरशी फेकून देतो अन् ह्ये तिची मूर्ती करून घेत्यात!" बुरशीलाही मामंजींनी खालून दोन ठिपके दिले.

आता त्या काळातली रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनेने सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर सासूच्या तोंडून बोलायचं. पदर कपाळावर. मी त्या घरात येऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण मामंजींशी माझं थेट बोलणं असं झालंच नव्हतं. त्यांच्या हातांना मी ओळखत होते, चेहऱ्याला फारशी नाही.

एका उन्हाळ्यात पुण्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले. बरोबर काचेची बरणी होती, फडक्यात गुंडाळलेली. आत औषधाच्या पाण्यात दगडासारखं काहीतरी होतं, त्यावर मऊ मऊ केसांसारखं उगवलेलं.

"तात्या, हे प्रवाळ," प्राध्यापक म्हणाले.

"पोवळं व्हय? मंगळाचं?"

"त्याच जातकुळीतलं. समुद्रातले बारीक जीव आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतात, ते हे. आणि या घरावर ही बसली आहे, गोगलगाय. हिला शंख नाही. ही प्रवाळाचे जीव खाते, त्यांच्यावरच राहते, अंडीही तिथेच घालते. पाठीवर बोटांसारखे फुटवे आहेत, अगदी त्या जिवांच्या बोटांसारखे. त्यामुळे मासे फसतात. मला हे परातीएवढं मोठं करून हवंय. पण मोठं केलं तरी ती लपलेलीच राहिली पाहिजे. मुलांनी आधी शोधावं, मग त्यांना सापडावं. दिसली ना?"

मामंजींनी बरणी उजेडाकडे धरली, मान मागेपुढे केली आणि म्हणाले, "हां, दिसली की."

प्राध्यापकांनी आमच्या ह्यांना विचारलं. हे पण म्हणाले, "दिसली की." मी आत शाडू मळत होते, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं. शिकलेला माणूस एवढं समजावून सांगतोय आणि आपल्याला दिसत नाही म्हणायचं, हे आमच्या घरात कुणाच्या जिभेवर येण्यासारखं नव्हतं.

प्राध्यापक गेल्यावर हे बरणी घेऊन माझ्याकडे आले. "तुला काय दिसतंय बघ बरं. मला तर नुसता दगूड दिसतोय." मी हसले, ह्यांनाही हसू आलं. मग हे ठरल्या वेळी आपल्या कामाला गेले. तेव्हा पिंपरीच्या कंपनीचं बांधकाम चालू होतं आणि हे तिथे रोजावर जायला लागले होते. कायमची नोकरी लागली तर बघू, असं घरात दबल्या आवाजात चाललं होतं.

मामंजी प्रवाळ करायला बसले. आधी तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, आणि मग ते बारीक बारीक जीव एकेक करून बोटांनी ओढून काढलेले. त्यासाठी त्यांनी बरणीचं झाकण काढून आत दोन बोटं घातली होती आणि किती वेळ तशीच ठेवली होती. वासाने आत्याबाई कुरकुरल्या. मला वाटलं, वा, काय कारागीर आहे, बोटांनी शिकतोय.

तिसऱ्या प्रहरी आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मामंजींनी पडवीतून हाक मारली. "सूनबाई, हिकडं ये." चुलीवरचं तसंच टाकून मी गेले आणि खांबाआड उभी राहिले.

"म्होरं ये. ह्यो जीव कुटं बसलाय त्यो दाव बरं. बगू तुजी नजर कशी हाय."

परीक्षाच होती. मी बरणी घेऊन उंबऱ्याशी उजेडात बसले. बराच वेळ काही कळेना. सगळीकडे तीच बोटं, तोच मळकट रंग. मग लक्षात आलं की सगळी बोटं वाटेल तशी उभी आहेत, पण एका ठिकाणची तेवढी दोन्ही बाजूंना झुकली आहेत, मध्ये सरळ रेघ. कुणीतरी केसांचा भांग पाडावा तशी. आणि त्या भांगाच्या टोकाला दोन बारीक शिंगं.

"सापडली!" मी ओरडलेच. लाज विसरून बरणी त्यांच्यापुढे धरली आणि काचेवर बोट टेकवलं. "ही बघा मामंजी, हितं."

"हां," ते म्हणाले, "बराबर वळखलंस. त्येच म्हनत हुतो मी."

ते बोलले खरे, पण बघत होते बरणीच्या दुसऱ्या बाजूला. मी बोट हळूच सरकवलं. त्यांची नजर हलली नाही. मी हात बाजूला घेतला तरी ते मान डोलावत तिकडेच बघत राहिले. त्यांच्या बुबुळांवर पातळ ताकासारखं काहीतरी धरलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, कारण त्यांच्या तोंडाकडे मी तोवर नीट बघितलंच नव्हतं.

मला इतकी लाज वाटली की जमिनीने पोटात घ्यावं. मी काही केलं नव्हतं. पण घरातल्या वडीलधाऱ्याला चुकून उघड्या अंगाने बघावं आणि पाय तिथून हलू नयेत, तसं झालं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे चप्पल काढता काढता थांबले आणि म्हणाले, "म्हाईत हाय. आईला बी म्हाईत हाय. तू कुनाला बोलू नगंस."

तेव्हा एकेक गोष्ट उलगडायला लागली. रंगाच्या वाट्या आत्याबाई नेहमी एकाच क्रमाने मांडत, आणि मी एकदा लाल हिंगुळाची वाटी काजळाच्या जागी ठेवली म्हणून त्यांनी मला कधी नाही ते फटकारलं होतं. मी त्याला शिस्त समजत होते. गणपतींच्या दिवसांत मामंजी दुपारी आडवे झाले की हे आखलेल्या मूर्तींकडे एक फेरी मारत, ओल्या कापसाने काहीतरी पुसत, पुन्हा रेघ ओढत. मी त्याला हौस समजत होते. आणि आकुर्डीचं एक गिऱ्हाईक आदल्या वर्षी म्हणालं होतं, "तात्या, आमचा बाप्पा आमच्याकडं बगतच न्हाई वो, शेजाऱ्याच्या घराकडं बगतोय." मामंजी म्हणाले होते, "तुज्या घरात बगन्यासारखं काय हाय?" केवढे हसलो होतो सगळे. त्या हसण्याची मला आता शरम वाटायला लागली.

ज्या घरात डोळे काढणं हाच मान, त्या घराच्या कर्त्याला दिसेनासं झालं होतं. हे बाहेर कळलं असतं तर मूर्ती कोण नेणार? आणि मूर्तींपेक्षाही, त्यांनी कुणाला तोंड कसं दाखवायचं? त्यामुळे सगळं घर त्यांच्याभोवती अंग चोरून, रंग बदलून उभं होतं.

पुढचे काही दिवस मात्र माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस. आत्याबाई काहीतरी कारण काढून तिसऱ्या प्रहरी देवळात जात. त्या का जात हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना. मी बरणी घेऊन बसे आणि बोलत राही, मामंजी शाडूला हात घालत. "बोटं टोकाला जाड की बारीक?" "जाड हायेत, मामंजी, कनसावानी फुगल्याली." "पोट कसंय?" "सपाट. दगडाला चिकटून हाय." त्यांनी मला कधी 'मला दिसत नाही' म्हटलं नाही, मीही 'तुम्हाला दिसत नाही' म्हटलं नाही. "तुजी परीक्षा चाललीया," असं ते अधूनमधून म्हणत. मी "व्हय" म्हणे.

रंग मी दिला. जिवंतपणी ती दूध कमी पडलेल्या चहासारखी तपकिरी असते, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. प्रवाळाला आणि तिला एकाच वाटीतला रंग. काम पुरं झाल्यावर मी चार पावलं मागे सरकले आणि क्षणभर मलाच ती सापडेना. अभिमानाने ऊर भरून आला.

प्राध्यापक यायच्या दिवशी पहाटे मामंजी आंघोळ करून धूतवस्त्र नेसून बसले. मी ओळखलं. काळीज नव्हे, बुरशी नव्हे, हे जनावर होतं. याला खालून ठिपके देऊन भागणार नव्हतं. "कुटंशी तोंड हाय?" त्यांनी विचारलं. मी सांगायला हवं होतं की मामंजी, ही लपलेली राहायला हवी, प्राध्यापक काय म्हणाले आठवतंय ना. पण सुनेने आखणीला नको म्हणायचं? हे कामावर गेले होते, आत्याबाई देवघरात. मी मुकाट्याने त्यांचं बोट शिंगांपाशी नेलं. त्यांनी डाव्या अंगठ्याने जागा चाचपली आणि कुंचला टेकवला. पांढरं, त्यावर काजळ, कडेला हिंगुळाची बारीक रेघ. कमळाच्या पाकळीसारखे लांब, आपल्या गणपतीचे असतात तसे डोळे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा चांगलाच वर चढला होता. तरी सांगते, सुंदर दिसत होते.

प्राध्यापक एकटे आले नाहीत. बरोबर आणखी एक मास्तर आणि कॉलेजातली चार-पाच मुलंमुली होती. आळीतलीही काही माणसं कौतुकाने जमली. मामंजींनी स्वतः फडकं उचललं. प्रवाळाच्या त्या रानातून तिरळी गोगलगाय सगळ्यांकडे बघत होती.

एक मुलगी फिस्सकन हसली, मग बाकीची. "सर, शोधायची गरजच नाही," एक मुलगा म्हणाला, "तीच आपल्याला शोधतेय!" आळीतली माणसंही हसली. प्राध्यापक भला माणूस. त्यांनी मुलांकडे डोळे वटारून बघितलं आणि सावकाश म्हणाले, "तात्या, काम अप्रतिम आहे. फक्त हे डोळे... हिला असे डोळे नसतात."

"डोळं न्हाईत?" मामंजींचा आवाज चढला. "जितं जनावर अन् डोळं न्हाईत?"

"आहेत. पण कातडीच्या आत, अगदी बारीक. उजेड आहे की अंधार, एवढंच कळत असावं."

"येवढंच?"

"एवढंच."

"मग भागतं कसं त्याचं?"

"प्रवाळ सोडून ती फारशी कुठे जात नाही. त्यामुळे भागतं."

मामंजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "भागतं. व्हय, भागतं." आणि हात पुढे करून, "फडकं द्या वलं."

कुणीतरी ओलं फडकं दिलं. ते वाकले आणि पुसायला लागले. पण पुसत होते ते नुसतं प्रवाळ, डोळ्यांपासून वीतभर लांब. जोर लावून, मन लावून. रंग निघून खालचं पांढरं दिसायला लागलं तरी पुसतच होते. "ग्येले का?" त्यांनी विचारलं.

हसणं थांबलं. आधी प्राध्यापकांना कळलं, मग मुलांना, मग आळीला. कुणी काही बोलेना. ती हसलेली मुलगी खाली बघायला लागली. मामंजी पुन्हा म्हणाले, "ग्येले का रं?" आणि त्या शांततेवरून त्यांना कळलं की आपण काहीतरी भलतंच करतोय. त्यांचे कान लालबुंद झाले. म्हाताऱ्या माणसाला लहान मुलासारखी लाज वाटताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

माझा पदर कधी खाली आला मला कळलं नाही. मी सगळ्यांच्या देखत पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि डोळ्यांवर नेऊन ठेवला. त्यांनी हात झटकला. मी पुन्हा धरला. दुसऱ्यांदा त्यांनी झटकला नाही.

त्यांनी डोळे पुसले. "ग्येले?"

"ग्येले, मामंजी."

"आता दिसती का?"

"न्हाई. आता कुनालाच दिसत न्हाई."

"मग बराबर झालं," ते म्हणाले आणि भिंत चाचपत आत गेले.

पुसलेल्या जागेला मी पुन्हा रंग दिला आणि प्राध्यापक तो नमुना घेऊन गेले. पुढे तो कॉलेजातच राहिला म्हणे, आणि मुलं अजून शोधतात म्हणे. मी काही बघायला गेले नाही.

आळीने मोठेपणा दाखवला, किंवा लाजली. त्या दिवसाविषयी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. ह्यांना कंपनीत कायमची नोकरी लागली. गणपतींचे दिवस आले, तेव्हा मामंजींनी मला पडवीत बोलावून कुंचला पुढे केला. "तुजी परीक्षा झाली," एवढंच म्हणाले. बाईमाणसाने आखणी केलेली मूर्ती तेव्हा कुणी घरात घेतली नसती, म्हणून मध्ये पडदा बांधला. पडद्याआड मी डोळे आखायचे, बाहेर मामंजी धूतवस्त्र नेसून बसायचे. लोक मूर्ती बघून म्हणायचे, "तात्या, हात अजून तस्साच हाय बरं का तुमचा!" ते मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. मला आत सगळं ऐकू यायचं, आणि माझं कौतुक ऐकताना मी चोरी केल्यासारखी आक्रसून बसायचे.

एकदा मात्र ते आकुर्डीवाले आले. मूर्ती हातात घेतली, इकडून तिकडून फिरवली आणि खुशीत म्हणाले, "तात्या, यंदा बाप्पा माझ्याकडंच बगतोय!"

मामंजी म्हणाले, "सूनबाईनं आखलाय."

आत माझा कुंचला थांबला. बाहेर आकुर्डीवाले खो खो हसत सुटले. "तात्या, तुमी बी लई चेष्टा करता राव!" हसतच ते मूर्ती घेऊन गेले. मामंजींनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते गेले.

पुढे काळ बदलला, पडदा गेला, मी उघड्यावर बसून आखणी करू लागले आणि लोक नावाने मला शोधत येऊ लागले. आता तेही थांबलंय. सुया ओवायला नात लागते, तिला मी सांगते की हात कापतो. वाट्या मी एकाच क्रमाने मांडून ठेवते आणि कुणी हलवल्या तर अंगावर जाते.

गेल्या महिन्यात नातीने बळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला मुलगा होता, माझ्या नातवाच्या वयाचा. खुर्चीत बसवून म्हणाला, "आजी, समोरच्या पाटीकडे बघा. सगळ्यात खालची ओळ दिसते का?"

मी मान मागेपुढे केली आणि म्हणाले, "हां, दिसली की."

त्याची खुर्ची मागे सरकली. मग तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "आजी, पाटीचा दिवा अजून लावलाच नाही मी."